खडकीचं पाणी

१६०२ साली नांदेडजवळ एक लढाई झाली. एका बाजूला अकबर बादशहाची फौज होती आणि तिच्या आघाडीला अब्दुर्रहीम खानखानानचा तरुण मुलगा मिर्झा इरज. दोह्यांमुळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेला रहीम म्हणजे हाच खानखानान. दख्खनच्या मोहिमेची सूत्रं तेव्हा त्याच्या हातात होती. दुसऱ्या बाजूला पन्नाशी ओलांडलेला एक हबशी सरदार होता. तो तेलंगणाच्या अंगानं मुलूख घेत, बीदरच्या बरीदशाहीला दटावत गोदावरीच्या खोऱ्यात शिरला होता. लढाई निकराची झाली. सरदार जखमी होऊन कोसळला. मोगल स्वार त्याच्यापर्यंत पोचणार, एवढ्यात त्याच्या हबशी आणि दखनी सोबत्यांनी त्याला उचललं आणि रणातून बाहेर काढलं. मोगलांनी विजय साजरा केला. इरजचं नाव झालं; पुढं त्याला शाहनवाज खान हा मोठा किताब मिळाला.

जखमी होऊन निसटलेल्या त्या सरदाराचं नाव मलिक अंबर.

आमच्या अर्धापूरपासून नांदेड जेमतेम वीस किलोमीटर. नांदेडचा इतिहास म्हटलं की आपण १७०८ कडे जातो, गुरू गोविंदसिंगांकडे, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या शंभर वर्षं आधी याच मुलखात एक माणूस मरता मरता वाचला, आणि तो वाचला म्हणून मराठवाड्याला त्याचं सर्वांत मोठं शहर मिळालं, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही. त्या दिवशी सोबत्यांचे हात चार घटका उशिरा पोचले असते, तर खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, दौलताबादच्या वाटेवरचं एक खडकाळ खेडंच राहिलं असतं.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीचं नाव चापू. पोरवयातच तो गुलामांच्या बाजारात आला. तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर तेव्हा माणसांचा मोठा व्यापार चालायचा. इथिओपियाच्या डोंगराळ भागातून सोनं, हस्तिदंत आणि माणसं खाली बंदरावर यायची आणि बदल्यात जाणाऱ्या मालात हिंदुस्थानातलं सुती कापड मोठ्या प्रमाणावर असायचं. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा हिशेब एकदा नीट वाचावा. आपल्याकडच्या विणकरांच्या मागावरचं कापड दूर कुठंतरी एका मुलाची किंमत म्हणून मोजलं जात होतं, आणि तोच मुलगा पुढं इकडं येऊन इथल्या जमिनीची मोजणी लावणार होता.

चापू हातोहात विकला गेला. बगदादमध्ये मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडं तो आला, तेव्हा त्याचं नशीब थोडं फिरलं. मीर कासिमनं त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिलं. सुगंधी द्रव्यांवरून गुलामांना नावं द्यायची तेव्हाची रीत होती. पुढं त्याला दख्खनमध्ये आणून विकलं ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला. हा चंगीझखान स्वतःच हबशी, स्वतःच एकेकाळचा गुलाम, आणि त्याच्या पदरी सुमारे हजार हबशी गुलाम शिपाई होते. दख्खनच्या सुलतानांना या परक्या माणसांचा भरवसा वाटायचा, कारण त्यांना इथं ना भाऊबंद, ना वतन, ना कुळाचं वैर. धन्याशी इमान हीच त्यांची सोयरीक. पण गुलामी इथं जन्माला पुरणारी नव्हती. धनी मेला की बहुधा शिपाई मोकळा व्हायचा, तलवार घेऊन चाकरी शोधायचा, लग्न करायचा, आणि एका पिढीत दखनी होऊन जायचा. १५७५ च्या आगेमागे चंगीझखान मेला, त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं. त्यानंतरची वीस वर्षं तो या दरबारातून त्या दरबारात चाकरी करत राहिला. विजापूरला त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५ च्या सुमारास विजापूर सोडून तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्या हाताखाली दीडशे स्वार होते.

नेमकं त्याच वेळी अहमदनगर बुडत होतं. १५९५-९६ चा वेढा चांदबिबीनं झुंजवला, वऱ्हाड देऊन तह केला. पण ऑगस्ट १६०० मध्ये ती तिच्याच माणसांच्या हातून मारली गेली, किल्ला मोगलांच्या हाती पडला आणि बालसुलतान बहादूर कैदी होऊन ग्वाल्हेरला गेला. कागदावर निजामशाही संपली. प्रत्यक्षात तिचे सरदार, किल्ले आणि घोडे गावोगाव विखुरलेले होते. अंबरनं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधून काढला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला दुसरा मुर्तझा म्हणून गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवा झाला. दीडशे स्वारांचा मुक्त गुलाम पाच वर्षांत सुलतानाचा सासरा होऊन बसला.

नांदेडची लढाई ही त्यानंतरची. त्या पराभवाचे दोन परिणाम झाले. पहिला लगेचचा: खानखानाननं जखमी अंबरशी तह केला, दोघांच्या मुलखाच्या हद्दी ठरल्या. रहीम हा समजूतदार माणूस. अंबरला पुरतं संपवण्याच्या नादात दख्खन हातची जाईल, हे त्यानं ओळखलं होतं. अंबरलाही श्वास घ्यायला वेळ हवा होता, कारण निजामशाहीचा निम्मा मुलूख राजू दखनी नावाच्या दुसऱ्या सरदारानं दाबला होता. दौलताबाद त्याच्याकडं होतं. दोघांच्या ओढाताणीत बिचाऱ्या मुर्तझाच्या वाट्याला आपल्या लातूर जिल्ह्यातला औशाचा किल्ला आणि पोटापुरती काही गावं, एवढंच उरलं होतं. औशाच्या तटावरून फिरताना हे लक्षात ठेवावं की एक अख्खी सुलतानशाही काही वर्षं या खंदकाच्या आत मावली होती. १६०७ मध्ये अंबरनं राजूला हरवून कैद केलं आणि दौलताबाद घेतलं.

दुसरा परिणाम सावकाश दिसला. उघड्या मैदानात, हत्ती आणि तोफा समोरासमोर आणून मोगलांशी भिडायचं नाही, हे अंबर नांदेडला शिकला, असं मला त्याच्या पुढच्या सगळ्या मोहिमा वाचताना वाटतं. यानंतर तो भिडतो कमी आणि थकवतो जास्त. हलक्या घोड्यांवरचे मराठा बारगीर रसद तोडतात, चारा जाळतात, रात्री छावणीच्या कडेला येऊन बाण टाकतात आणि उजाडायच्या आत पांगतात. इंग्रज व्यापारी विल्यम फिंच १६१० च्या सुमारास लिहितो की अंबरकडं दहा हजार त्याच्या स्वतःच्या जातीचे आणि चाळीस हजार दखनी स्वार आहेत. या दखनींत मराठे मोठ्या संख्येनं होते. सिंदखेडचे लखुजी जाधव, वेरूळचे भोसले, ही घराणी याच काळात निजामशाहीच्या चाकरीत वर आली. १६१२ मध्ये अब्दुल्लाखान गुजरातेतून मोठी फौज घेऊन घाटावर चढला. वऱ्हाडातून येणाऱ्या दुसऱ्या फौजेची वाट न बघता तो दौलताबादकडं धावला. अंबरच्या स्वारांनी त्याला रोज थोडं थोडं खाल्लं. तो माघारी वळला तोवर त्याचा नामांकित सरदार अली मर्दानखान जखमी होऊन अंबरच्या हाती लागला होता. त्याला दौलताबादला नेलं आणि तिथंच तो गेला. या विजयाची खूण म्हणून अंबरनं खडकीत एक दरवाजा बांधला. तो भडकल दरवाजा आजही उभा आहे, आणि त्याच्या कमानीखाली उभं राहिलं की हे काम घाईत केलेलं नाही, हे दगडावरून कळतं.

आता त्या शहराकडं येऊ.

निजामशाहीची गादी परांडा, औसा, जुन्नर अशी फिरत फिरत १६१० च्या सुमारास दौलताबादला आली. दौलताबाद किल्ला म्हणून अजिंक्य, पण किल्ला हा शहर नव्हे. तिथं लष्कर मावतं, बाजार मावत नाही. अंबरनं तिथून पूर्वेला, तीन-चार तासांच्या चालीवर, खाम नदीकाठचं खडकी हे गाव निवडलं. नावातच सगळं आलं. जमीन खडकाळ, नदी पावसाळ्यापुरती, चारी बाजूंनी डोंगर. पण उत्तरेला बुऱ्हाणपूर, तिथून सुरत, पूर्वेला जालना, पुढं तेलंगण आणि गोवळकोंडा, दक्षिणेला पैठण. समुद्रापासून लांब, पण सगळ्या वाटांच्या मध्ये.

शहर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सुरत, गोवा, मुंबई येते. जहाजं आली म्हणून शहर झालं, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. आफ्रिकेबद्दल तर त्याहून वाईट: किनारा, गुलामांची जहाजं आणि आत नुसतं जंगल. पश्चिम आफ्रिकेतल्या कानो या शहराची माहिती वाचली की हे चित्र कोलमडतं. आजच्या उत्तर नायजेरियातलं हे शहर समुद्रापासून शेकडो मैल आत. मातीचा प्रचंड तट, आणि तटाच्या आत वस्तीबरोबर शेतं आणि तळीसुद्धा, म्हणजे वेढा पडला तरी शहर तगावं. पंधराव्या शतकात मुहम्मद रुम्फा या राजानं तिथं तट वाढवला, राजवाडा बांधला, कुर्मीचा बाजार वसवला. निळीच्या रंगाच्या खड्ड्यांत बुडवलेलं कानोचं सुती कापड उंटांच्या तांड्यांवरून सहारा ओलांडून उत्तरेच्या किनाऱ्यापर्यंत जायचं. १९०३ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडला, तोपर्यंत ते आपल्या पायांवर उभं होतं. त्याच भागातली टिंबक्टू आणि गाओ ही सोंघाई साम्राज्याची शहरं मात्र १५९१ मध्येच मोरोक्कोच्या बंदुकधारी फौजेनं घेतली. म्हणजे अहमदनगरला मोगलांचा पहिला वेढा पडायच्या चारच वर्षं आधी. बारूद आणि मोठी साम्राज्यं जगभरच्या आतल्या शहरांवर एकाच वेळी चालून येत होती. अंबर आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाचा. त्यानं कानो पाहिलं नव्हतं. पण समुद्राच्या आधाराशिवाय शहर कसं जगतं, हा प्रश्न दोन्हीकडं एकच होता, आणि त्याचं उत्तरही दोन्हीकडं पाण्यापासून सुरू होत होतं.

शहर वसवताना अंबरनं सरदारांना जागा वाटून दिल्या. त्यांच्या नावांनी पुरे उभे राहिले: मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा. मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी ही नावं त्यांत सरळ ऐकू येतात. हबशी पेशव्याच्या राजधानीत वाड्यांचे पत्ते मराठ्यांच्या नावावर होते, ही बाब मला त्या काळाविषयीच्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा जास्त बोलकी वाटते. त्यानं मशिदी बांधल्या, स्वतःसाठी नौखंडा महाल बांधला. लोकसंख्या वाढली, आणि मग खाम नदी आणि विहिरी पुरेनात.

एवढ्यात पहिला घाला आला. १६१६ च्या सुरुवातीला अंबरचे काही सरदार फुटून मोगलांना मिळाले. त्यांना घेऊन जालन्याजवळच्या रोशनगावला चाल करून आला तो शाहनवाज खान, म्हणजे नांदेडचा इरज. चौदा वर्षांनी तेच दोघं पुन्हा समोरासमोर. अंबर पुन्हा हरला. विजयी फौज खडकीत शिरली आणि नव्या शहराला आग लावून निघून गेली.

जळलेल्या शहरात परतल्यावर माणूस आधी काय बांधेल? तट बांधेल, असं आपल्याला वाटतं. अंबरनं त्याच सुमारास, १६१७ च्या आसपास, नहर बांधली.

नहर-ए-अंबरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेला हर्सूल-सावंगीच्या बाजूला डोंगरउतारावर भूगर्भातलं पाणी आहे. तिथं विहिरी खोदून, झऱ्यांचं पाणी एकत्र करून ते जमिनीखालून बांधलेल्या दगडी पाटात सोडलं. माणूस वाकून आत जाऊ शकेल एवढा हा पाट. वर माती, झाडोरा, शेतं, खालून पाणी. उतार इतका बेतानं ठेवलेला की पाणी थांबतही नाही आणि बांधकाम खरवडण्याइतकं धावतही नाही. ठरावीक अंतरावर जमिनीवर तोंडं ठेवली, म्हणजे आत उतरून गाळ काढता यावा आणि कोंडलेली हवा बाहेर पडावी. शहराजवळ आल्यावर पाणी भाजक्या मातीच्या खापरी नळांत जायचं. नळाच्या वाटेत जागोजागी उंच चौकोनी मनोरे. पाणी एका नळानं मनोऱ्यात वर चढायचं, माथ्यावरच्या हौदात हवा सोडायचं आणि दुसऱ्या नळानं उतरून पुढं जायचं. या युक्तीमुळं दाब आवरला जायचा, मातीचे नळ फुटायचे नाहीत. शेवटी चौकाचौकांतले हौद, मशिदी, सरदारांचे वाडे. ना मोट, ना बैल, ना रहाट. सगळं काम उतार करायचा.

ही विद्या अंबरनं एकट्यानं शोधून काढली, असं म्हणणं बरोबर नाही. इराण-इराककडं जमिनीखालचे पाट हजारो वर्षं होते आणि अंबरचं तरुणपण बगदादेत गेलं होतं. आपल्या शेजारच्या बीदरला बहमनी काळातलं असंच भुयारी पाणी होतं. गंमत अशी की अंबरचा जुना शत्रू रहीम यानंही त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडारा हे भुयारी पाण्याचं काम करवून घेतलं. सातपुड्याच्या पायथ्यापासून शहरापर्यंत विहिरींची रांग, खालून एकमेकींना जोडलेली. रणात एकमेकांची शहरं घेऊ बघणारे हे दोघं शहर उभं राहतं कशावर, याबाबत मात्र एकमताचे होते.

नहर बांधली जात होती त्याच सुमारास, १६१७ मध्ये, पीटर व्हान डेन ब्रूक हा डच व्यापारी सुरतेहून मच्छलीपट्टणला खुष्कीनं जाताना अंबरच्या छावणीत थांबला. त्यानं अंबरला जपानी तलवार नजर केली. त्याच्या नोंदींमुळंच आपल्याला अंबरचं रूप थोडं दिसतं: उंच, धिप्पाड, चेहरा करारी. तो ऐंशी डच गिल्डरांना मोखा बंदरावर विकला गेला होता, हेही ब्रूकनंच लिहून ठेवलं. लोक त्याला मानतात, त्याच्या मुलखात वाटसरूला भय नाही आणि गुन्ह्याला शिक्षा भयंकर आहे, असंही तो सांगतो. आणि त्यानंच एक काळी बाजूही नोंदवली. सुलतान मुर्तझाच्या इराणी बेगमेनं अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, अंबरबद्दलही ती वाईट बोलली, आणि १६१० च्या सुमारास सुलतान आणि ती बेगम दोघंही विषानं मेले. गादीवर पाच वर्षांचा मुलगा बसला, सत्ता अंबरकडंच राहिली. अंबरवर प्रेम करणाऱ्यांनी हा प्रसंग झाकू नये. राज्य वाचवणारा आणि राजा मारणारा हात एकच होता.

जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग की आपल्या आठवणींत तो अंबरचं नाव शिवीशिवाय क्वचितच घेतो. अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून १६१६ च्या सुमारास त्यानं एक चित्र काढून घेतलं: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा, धनुष्य ताणलेलं, आणि समोर भाल्यावर खोवलेल्या अंबरच्या मुंडक्यात बाण घुसतोय. ते मुंडकं जहांगिराला प्रत्यक्षात कधीच मिळालं नाही.

मिळालं ते शहर, तेही तीन दिवसांपुरतं. १६२१ मध्ये शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, दख्खनेत उतरला. फौज खडकीच्या जवळ आली तेव्हा सुलतान आणि त्याचं घर आदल्याच दिवशी दौलताबादच्या किल्ल्यात हलवलं होतं. मोगल तीन दिवस खडकीत राहिले आणि त्यांनी ती घरोघर उद्ध्वस्त केली. जहांगीर समाधानानं नमूद करतो की जे शहर उभं राहायला वीस वर्षं लागली, ते पुढच्या वीस वर्षांतही पहिल्या रूपावर येणार नाही. अंबरनं तह केला, खंडणी कबूल केली, आणि मोगल परतताच पुन्हा बांधकामाला लागला. छपरं जळाली होती, लाकूड जळालं होतं. जमिनीखाली खोल चाललेल्या पाण्याला आग लागत नाही. लोक परत आले ते पाण्यापाशी.

भातवडीची लढाई १६२४ ची. मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजेला अंबरनं अहमदनगरजवळ गाठलं, तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीत चिखल केला आणि मग तुटून पडला. शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूनं लढले. शरीफजी तिथंच पडले. शिवभारतात परमानंदानं या लढाईचं वर्णन केलं आहे, तिथं ती वाचावी. इथंही शेवटी त्यानं पाणीच वापरलं, एवढंच माझं लक्ष जातं.

लढायांच्या मधल्या काळात त्यानं जमिनीचं काम केलं. महसूल लिलावानं मक्तेदाराला विकायचा आणि मक्तेदारानं रयत पिळायची, ही रीत त्यानं मोडली. जमिनी मोजल्या, प्रतवारी लावली, पिकाच्या मानानं धारा ठरवला, काही काळानं तो रोखीत घेतला, आणि गावाच्या वसुलीची जबाबदारी पाटलावर ठेवून त्याचं वतन पक्कं केलं. 'मलिकंबरी धारा' हे शब्द पेशवाईच्या दप्तरांपर्यंत चालत आले, इंग्रज अधिकाऱ्यांनीही ते जपून लिहून घेतले. शिवकालीन महसूल व्यवस्थेच्या पायाशी ही मोजणी होती. नहरीला आणि फौजेला पैसा लागतो. तो रयतेकडून वर्षानुवर्षं येत राहावा, यासाठी आधी रयत टिकली पाहिजे, हे त्याला कळत होतं.

मे १६२६ मध्ये अंबर वारला. वय ऐंशीच्या घरात. खुलताबादला त्याचा मकबरा आहे. त्याचा मुलगा फत्तेखान पेशवा झाला, त्यानं खडकीचं फतेहनगर केलं आणि वडिलांनी पंचवीस वर्षं सांभाळलेलं सात वर्षांत घालवलं. १६३१ मध्ये नसिरीखानानं आपल्या नांदेडकडचा कंधारचा किल्ला घेतला, १६३३ मध्ये दौलताबाद पडलं, १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्याच वर्षी औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला. राहायला त्यानं निवडलं ते दौलताबाद नव्हे, खडकी. १६५३ मध्ये दुसऱ्यांदा सुभेदार होऊन आल्यावर शहराला त्यानं आपलं नाव दिलं, औरंगाबाद. ज्या शहराला जहांगिरानं वीस वर्षांचा शाप दिला, त्याला त्याच्याच नातवानं पंधरा वर्षांत आपलं घर केलं, आणि ते राहण्याजोगं होतं याचं मोठं कारण अंबरचं पाणी हेच होतं. पुढं त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या, शहराभोवती तट झाला, पुरे वाढत गेले. पाणचक्की फिरवणारी नहर ही त्यातलीच, पण बरीच नंतरची. पर्यटक तिलाच अंबरची समजतात.

नहरींचं पाणी शहर विसाव्या शतकातही पीत होतं. मग नळ आले, जायकवाडीचं धरण झालं, पंपानं पाणी चढवून आणायची सोय झाली, आणि जमिनीखालच्या पाटांकडं कुणी बघेना. प्लॉट पडले, पाये खणले गेले, रस्ते रुंद झाले. खापरी नळ फुटले, तपासणीची तोंडं बुजली, कुठं सांडपाणी आत शिरलं. मोगलांच्या जाळपोळीतून जे वाचलं ते आपल्या हातून मोडलं. आज छत्रपती संभाजीनगरात कित्येक वस्त्यांना नळाचं पाणी काही दिवसांआड येतं. लातूरची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढची: एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं होतं, आणि पहिल्या गाडीत ते पाच लाख लिटर होतं.

शहरातले काही अभ्यासक आणि इतिहासप्रेमी नहरीच्या वाटा शोधून त्यांचे नकाशे करण्याच्या मागं आहेत. काही मनोरे अजून उभे आहेत, काही पाटांत अजून स्वच्छ पाणी आहे. जे शिल्लक आहे त्याचा गाळ काढता येईल, त्यावरची बांधकामं थांबवता येतील, आणि शाळेच्या पुस्तकात रोशनगाव, भातवडी यांच्यासोबत नांदेडची १६०२ ची लढाई आणि ही नहर यांना एक पान देता येईल. यातलं एकही काम अंबरनं केलेल्या कामाइतकं अवघड नाही.